तळाच्या डेकचा माणूस

सरकारी नोकरीत मी दुसऱ्यांचे शेकडो अर्ज लिहून दिले, पण मनापासून, एकही खाडाखोड न करता लिहिलेला अर्ज एकच. सोनकांबळेच्या हातातली पाण्याची चावी काढून घ्यावी, एवढीच त्यात मागणी होती. अर्ज मंजूर झाला आणि गल्लीत माझ्या हस्ताक्षराचं फार कौतुक झालं.

सोनकांबळे मला आवडत नव्हता. इतक्या वर्षांनी त्याच्यावर लिहायला बसलोय म्हणजे तो आता आवडायला लागलाय, असं कुणी समजू नये. तो उद्धट होता, खुनशी होता आणि समोरच्याला कमीपणा आणल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. वयानं तो माझ्या वडिलांएवढा, तरी मी त्याला अरे-तुरे करत असे. आता लिहिताना दोन ओळी ‘ते’ लिहून पाहिलं. उसनं वाटलं, म्हणून खोडलं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. उस्मानाबादेहून फायली, कपाटं आणि आमच्यासारखे कारकून ट्रकनं आले. जिल्हा झाल्याचे पेढे वाटून झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात नळ आटले. मला खोली मिळाली टाकीगल्लीत, शिवलिंगअप्पांच्या घरात. अप्पांचं भुसारचं दुकान होतं आणि ते भाडेकरू ठेवताना आधी त्याच्या गळ्यातलं लिंग बघत. मी उदगीरच्या लिंगायत दुकानदाराचा पोरगा, त्यामुळं आमचं जमलं. घर पाण्याच्या उंच टाकीला लागून, नळाच्या लाइनवर पहिलंच. माझी बायको सुशीला दोन महिन्यांची बाळंतीण होती, म्हणून मी मुद्दाम तसं घर पाहिलं होतं.

टाकीतून निघालेली लाइन आधी आमच्या गल्लीत येई, मग मधल्या गल्लीत आणि उतारानं शेवटी भीमनगरात. नळ सुटला की वरच्यांनी आधी भरायचं आणि उरलं तर खाली जायचं, असा सगळ्या गावाचा रिवाज. आम्ही त्यापुढं एक पाऊल गेलो होतो. नळाच्या तोट्या काढून टाकल्या होत्या आणि नळाखाली हातभर खड्डे खणून पाइप खाली घेतले होते, म्हणजे धार जोरात पडते. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. नवीन भाडेकरू आला की घरमालक त्याला संडास दाखवी तसा हा खड्डाही दाखवी.

या लाइनीच्या चाव्या सोनकांबळेकडं होत्या. मूळचा तो नांदेडकडच्या उमरीचा. बहात्तरच्या दुष्काळात कामाच्या शोधात इकडं आला, पाइपलाइनच्या चाऱ्या खणल्या आणि पुढं त्याच लाइनीवर रोजंदारीत नळ सोडायला राहिला. कुठला पाइप कुठून कुठं गेलाय हे त्याच्या डोक्यात होतं आणि कागदावर कुठंच नव्हतं, म्हणून साठी उलटली तरी त्याला कुणी घरी बसवत नव्हतं. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी. बायको मेलेली, मूल नाही. टाकीच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत तो एकटा राहायचा.

गल्लीत त्याला ‘जहाजवाला’ म्हणत. तरुणपणी तो पलटणीत होता आणि मोठ्या लढाईत जहाजातून बसऱ्याला गेला होता, असं तो सांगे. उमरीच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, म्हणून लोक हसत. त्यानं कधी हसणाऱ्याला समजावलं नाही. त्याची पाणी सोडायची रीत मात्र त्याच जहाजातून आली होती, आणि ती जगाच्या उलटी होती.

तिसऱ्या दिवशी पाणी येई. टाकी भरली की तो आमच्या गल्लीचा आणि मधल्या गल्लीचा व्हॉल्व्ह गच्च बंद करायचा. सगळं पाणी सरळ भीमनगरात. मग चालत पार शेवटच्या घरापर्यंत जायचा आणि त्या घरची घागर भरेपर्यंत तिथं उभा राहायचा. तिथं मोजून अर्धा तास झाला की मधली गल्ली. आम्ही सर्वांत शेवटी. तोवर टाकी तळाला गेलेली असायची आणि आमच्या खड्ड्यात करंगळीएवढी धार पडायची. कुणी जाब विचारला तर एकच वाक्य, “आधी तळ, मंग डेक.” त्यापुढं तो तोंड उघडत नसे.

एकदा मी कचेरीत असताना तो आमच्या दारात आला आणि काही न बोलता आमचा खड्डा मुरमानं बुजवून गेला. सुशीला तान्ह्या पोराला घेऊन बघत उभी होती. ती म्हणाली, घरात बाळंतीण आहे, एवढं तरी बघा. तो म्हणाला, खाली तीन हायेत. संध्याकाळी मी टाकीपाशी जाऊन त्याला नाही नाही ते बोललो. तो विडी ओढत ऐकत राहिला, आणि माझं संपल्यावर त्यानं विचारलं की भाऊसाहेब, तुमच्या कचेरीत शेवटच्या माणसाचा कागद कधी हातात घेतात. मी दुसऱ्या दिवशी खड्डा परत खणला.

तरीही गल्लीनं त्याला एकदम तोडलं नाही, कारण चावी त्याच्याकडं होती. अप्पांनी गोडीगुलाबीनं घ्यायचं ठरवलं. नळाच्या दिवशी त्याला चहा द्यायला सुरुवात केली. चहासाठी कान तुटलेला एक कप होता, तो ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असे. तो कप दुसऱ्या कुणासाठी नव्हता, हे वेगळं सांगायला नको. सोनकांबळे बौद्ध होता. कप त्यानं स्वतः घ्यायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाल्यावर त्यानंच विसळून ठेवायचा, असं ठरलेलं. मी तो कप रोज बघत होतो आणि मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नव्हतं. उलट अप्पा त्याला चहा देऊ करतात हेच मला जास्त वाटे.

तीनचार वेळा त्यानं हातानंच नको म्हटलं. पाचव्यांदा तो थांबला. कोनाड्यातला कप उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि कुणी न मागता आमच्या व्हॉल्व्हला चावी लावली. धार आली. आम्ही बायकापोरांसकट हंडे घेऊन उभे. त्यानं पहिली धार त्या कपात धरली, कप काठोकाठ भरला, व्हॉल्व्ह बंद केला आणि कप अप्पांच्या ओट्यावर ठेवला.

“टाकीगल्लीचं आजचं पाणी,” तो म्हणाला आणि चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या दिवशी गल्लीत सोळा घरांना तो एक कप. सुशीलानं पोराचे लंगोट न धुता तसेच वाळत टाकले. अपमान एकट्या अप्पांनी केला होता आणि शिक्षा सगळ्या गल्लीला, तान्ह्या पोराला सुद्धा. मला तेव्हा त्याचा भयंकर संताप आला. आजही मी ती गोष्ट त्याच्या बाजूनं लावू शकत नाही.

तक्रार करायचं ठरलं. तक्रारीला पुरावा हवा, म्हणून घड्याळ असलेला आणि लिहिता येणारा माणूस, म्हणजे मी, नळाच्या दिवशी सकाळी त्याच्यामागं फिरून कुठल्या गल्लीला किती मिनिटं मिळाली ते टिपू लागलो. टाकी भरायला दीडदोन तास लागत. तेवढा वेळ व्हॉल्व्हच्या चौकोनी खड्ड्यापाशी आम्ही दोघं एकमेकांकडं पाठ करून बसायचो. तिथं मला त्याचं जहाज कळलं. तो मला सांगत होता असं म्हणता येणार नाही. तो चावीला ग्रीस लावत बोलायचा आणि मी ऐकत नाही असं दाखवायचो.

जहाज मुळात विलायतेला जाणाऱ्या साहेब लोकांचं. आत आरसे लावलेलं जेवणघर, नाचायला लाकडी जमीन, नक्षीच्या कठड्याचा जिना. लढाई लागली तशी गालिचे गुंडाळले, आरशांवर फळ्या ठोकल्या आणि अख्खं जहाज करड्या रंगानं लिंपलं. खिडक्या काळ्या केल्या. बाजूला जहाजाचं नाव होतं त्यावरूनही रंग फिरवला. सोनकांबळे उमरीहून रेल्वेनं मनमाडमार्गे मुंबईला येऊन पलटणीत भरती झालेला. त्यांना खालच्या दारानं आत घेतलं, शिड्या उतरवत उतरवत पार तळाला नेलं आणि जेवायच्या फळ्यांच्या वरच झोळ्या टांगून निजवलं. तो नक्षीचा जिना त्यानं वाटेत एकदाच, दार उघडं राहिलं म्हणून पाहिला.

लढाई संपल्यावर तो काही महिने मुंबईच्या गोदीत हमाली करत होता. एक दिवस तेच जहाज धक्क्याला लागलेलं दिसलं, पांढरंशुभ्र. बँड वाजत होता आणि टोप्या घातलेल्या बायका चढत होत्या. खालच्या दाराशेजारी पत्र्याला ठिगळ होतं, त्यावरून त्यानं ओळखलं. नाव परत रंगवलेलं होतं, ते त्यानं शिकलेल्या एका हमालाकडून वाचून घेतलं. ‘लेडी अमेलिया’. मला एकदा तळाला जाऊन येऊ द्या, म्हणून त्यानं पहारेकऱ्याला विनवलं. पहारेकऱ्यानं त्याला काठीनं हुसकावलं.

“तळाला कशाला जायचं होतं?” न राहवून मी विचारलं. तो म्हणाला, तुमच्या वहीत मिनिटं लिहा, भाऊसाहेब.

हा माणूस खोटारडा निघाला तर आपली तक्रार आणखी पक्की होईल, असं मला वाटलं. माझा एक मित्र मुंबईला गोदीच्या कचेरीत होता. मी त्याला जहाजाचं नाव कळवून, असं काही कधी होतं का, म्हणून विचारलं. दरम्यान मी अर्ज लिहिला. ‘सदर इसम आपल्या जातीच्या वस्तीस प्रथम पाणी सोडून इतर नागरिकांस हेतुपुरस्सर वंचित ठेवतो’, हे वाक्य माझं. सोनकांबळे भीमनगरात राहत नव्हता. तो आमच्याच टाकीखाली राहायचा, आमच्याच लाइनीवरून, आमच्यानंतर एक बादली भरून घ्यायचा. म्हणजे त्याच्या रीतीनं सगळ्यांत शेवटचा तोच होता. हे मी वहीत टिपलेलं होतं. अर्जात घेतलं नाही.

अर्जावर चौकशी लागली, तिच्या दोन दिवस आधी मित्राचं पत्र आलं. दोन पानी, माझ्या मित्राला जुन्या गोष्टी उकरायची हौस होती. ‘लेडी अमेलिया’ खरोखर होती. उतारू बोट, लढाईत सैन्य वाहायला घेतलेली, बसऱ्याच्या फेऱ्या केलेल्या. लढाईनंतर काही वर्षं परत उतारू नेले, मग भंगारात काढली. एका जुन्या नोकरानं त्याला बोटीचा नकाशा दाखवला होता. त्यानं लिहिलं होतं की हिंदी शिपायांना ठेवत ती जागा मुळात साहेबांच्या पेट्या आणि टपालाच्या थैल्या ठेवायची. तिथं पाण्याची सोय नव्हतीच, एक तोटी मागाहून काढलेली. वरच्या न्हाणीघरांचे पाइप मात्र त्याच जागेच्या छतातून गेलेले होते.

सुशीलानं ते पत्र माझ्याआधी वाचलं. ती म्हणाली, “म्हणजे म्हातारा खरं बोलतो. तुम्ही हे चौकशीच्या साहेबांना दाखवणार ना?” मी म्हणालो, बघू. पत्र मी सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

चौकशीला नगरपालिकेचा नवा तरुण अभियंता होता. टेबलाच्या एका बाजूला अप्पा आणि मी, समोर सोनकांबळे चावी घेऊन उभा. त्याला कुणी बस म्हटलं नाही. अभियंत्यानं माझा अर्ज मोठ्यानं वाचला आणि आधी कपाचं विचारलं. सोनकांबळेनं ते लगेच कबूल केलं. चुकलं, म्हणाला, अप्पाचा राग पोराबाळांवर काढायला नको होता. त्याबद्दल गल्लीची माफी मागायला तो तयार होता. मग अभियंत्यानं उलट्या पाळीचं कारण विचारलं. एवढं बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं.

“सायेब, बसऱ्याला जाताना आमी तळाला व्हतो. वरून ऊन, खालून इंजिन. तोटी दिसातून दोनदा सुटायची, पर वरच्यांचं झाल्यावर. तिसऱ्या दिसापासून तोटीतून नुसती हवा. माझ्याजवळ किनवटचा किशन निजायचा. त्याला उष्ण्यानं भरमलं, कायबी बरळाया लागला. मी शिडीवर गेलो तर संत्री म्हणला, पाणी संपलं. अन् आमच्या डोक्यावरून पाइप गेलता, सायबांच्या मोरीचा. त्यातून पाणी जाऊन राहिलं व्हतं. आमी समदे निजून त्येचा आवाज ऐकून राहिलो व्हतो. किशन तर हात लावून बसला त्या पाइपाला, गार लागतो म्हणून. सकाळी त्याला समुद्रात सोडला. पाण्यात सोडला सायेब, पाणी पाजल्याबिगर.”

मग अप्पा हलकेच म्हणाले, “साहेब, ह्यो गोष्टी लई रंगवतो.” अभियंत्याला बरं वाटलं असावं. तो हसून म्हणाला, साहेबांच्या मोरीचे पाइप शिपायांच्या डोक्यावरून कोण नेईल, काहीतरीच. जहाज, किशन, बसरा, कशाचा पुरावा आहे का, असं त्यानं विचारलं. सोनकांबळे म्हणाला, न्हाई.

पत्र माझ्या खिशात होतं. मला त्याची घडी छातीला लागत होती. बाहेर काढायचं आणि टेबलावर ठेवायचं, एवढंच काम होतं. मला आठवले ते लंगोट आणि करंगळीएवढी धार. अप्पांचं घर आठवलं, जे मला सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, हा माणूस हरावा असं मला वाटत होतं. मी पत्र खिशातच राहू दिलं.

अभियंत्यानं शेवटी त्याला वाट दिली. नेहमीसारखं वरून खाली पाणी सोडीन, असं लिहून द्या, अंगठा करा, चावी तुमच्याकडंच राहील. सोनकांबळेनं चावी टेबलावर ठेवली. ती इतकी लांब होती की अर्धी टेबलाबाहेर आली.

नव्या माणसानं पाणी वरून सोडायला सुरुवात केली. आमचे हंडे, पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरलं. सुशीलानं पोराला टबात बसवून आंघोळ घातली. भीमनगरात पहिल्या पाळीला थोडं गेलं, दुसऱ्या पाळीला गेलंच नाही. दुपारी एक बाई घागर घेऊन आमच्या दारात आली. सुशीलानं तिची घागर भरून दिली, आणि ती गेल्यावर मला विचारलं, “पत्र दाखवलं होतं का तुम्ही?” मी नाही म्हणालो.

चावी गेली तशी टाकीखालची खोलीही गेली. सोनकांबळे उमरीला पुतण्याकडं निघालाय, असं दुसऱ्या दिवशी कळलं. मी कचेरीतून निघून स्टँडवर गेलो. तो नांदेडच्या गाडीत खिडकीपाशी बसला होता, मांडीवर वळकटी. उमरीला पुढं दुसरी गाडी. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि काय बोलावं ते न सुचून सरळ पत्र काढलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिथंच, गाडीच्या आवाजात, मोठ्यानं वाचलं. बोटीचं नाव, बसऱ्याच्या फेऱ्या, पेट्यांची जागा, छतातले पाइप. तुम्ही म्हणालात ते सगळं खरं आहे, असंही म्हणालो. मी त्याला तुम्ही म्हटल्याची ती पहिली वेळ.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“हे कवा आलं?” त्यानं विचारलं.

चौकशीच्या आधी, मी म्हणालो.

“मला कशाला वाचून दावता, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “मी व्हतो तिथं. ज्याला म्हाइत नव्हतं तो सायेब टेबलापलीकडं बसला व्हता.”

कंडक्टरनं घंटी मारली. सोनकांबळेनं खिडकीची काच ओढून लावून घेतली. गाडी गेली तरी मी पत्र हातात धरून तिथंच उभा होतो, आणि पाच वाजायच्या आत कचेरीत परत जाऊन सही करायची होती, म्हणून निघालो.